केमो चालू आहे आणि पाय साथ देत नाहीत: वाचकांचे प्रश्न

यावेळी आलेल्या पत्रांमधली चार पत्रं एकाच इंजेक्शनभोवती फिरतायत, म्हणून ती एकत्र घेतली. इंजेक्शनचं नाव व्हिनक्रिस्टीन. ए.एल.एल. नावाच्या ब्लड कॅन्सरमध्ये लहान मुलं असोत की मोठी माणसं, ते जवळपास प्रत्येकाला मिळतं, आणि तुमच्या फाइलमधल्या चार्टवर व्हीसीआर असं तीन अक्षरात लिहिलेलं असतं. खूप कामाचं औषध आहे पण नसांना त्रास देतं. आणि हा त्रास लोक फार उशिरा सांगतात, केसांचं सांगतात, उलट्यांचं सांगतात, पण पायाला मुंग्या येतात हे सांगायचं राहून जातं कारण वाटतं एवढ्याशा गोष्टीसाठी डॉक्टरांचा वेळ कशाला घ्यायचा. घ्या हो वेळ. तो त्याचसाठी असतो.

प्रश्न: मॅडम नमस्कार, माझा मुलगा ६ वर्षांचा आहे. ए.एल.एल. निघाला. पहिला महिना झाला, मॅरोचा रिपोर्ट चांगला आला, आम्ही वॉर्डात पेढे वाटले. पण आता पंधरा दिवस झाले तो पाय आपटत चालतो, चप्पल फट् फट् वाजते, जिन्यावर पायाची बोटं अडकून दोनदा पडला. संडासला चार चार दिवस होत नाही, पोट फुगतं. सासूबाई म्हणतात पाठीत सुई टोचली त्यानेच पाय गेला. मिस्टर म्हणतात उचलून घेऊन लाडावलाय, चालायचा कंटाळा करतो. इंजेक्शन बंद करा म्हणून सांगू का डॉक्टरांना? अजून एक विचारायचं होतं, ह्यांचे स्वतःचे पाय पण लहानपणापासून काटकुळे आहेत, सारखे ठेचकाळतात, पण आजार असा काही नाही. त्याचा काही संबंध असेल का?
— एक आई, सांगली जिल्हा

उत्तर: ताई, आधी मिस्टरांना हे वाचून दाखवा. हे लाड नाहीत आणि कंटाळा तर अजिबात नाही. सहा वर्षाचं पोर, ज्याला वॉर्डातून सुटल्यावर पळायचंय, ते मुद्दाम पाय आपटत चालत नाही हो. पायाचा चवडा वर उचलणारे स्नायू ज्या नसेवर चालतात ती नस थकलीय, म्हणून चवडा खाली लोंबतो, जमिनीवर आपटतो, पायरीला बोटं अडकतात. घरच्या घरी बघायचं असेल तर त्याला टाचांवर उभं राहून चार पावलं टाकायला सांगा, हात धरून. जमलं नाही तर ते तसंच्या तसं डॉक्टरांना सांगा.

आता हे का होतं. नसेचा मूळ पेशीचा भाग असतो पाठीच्या कण्यात नाहीतर कण्याजवळ, आणि तिचं टोक असतं पायाच्या बोटात. एवढ्या लांब सगळा शिधा पोचवायला नसेच्या आत बारीक बारीक नळ्यांचे रस्ते असतात. कॅन्सरची पेशी दुभंगून एकाच्या दोन होतात तेव्हा तिलाही अशाच नळ्या लागतात. व्हिनक्रिस्टीन त्या नळ्या बनूच देत नाही, म्हणून कॅन्सरची पेशी मरते, पण नसेतले रस्तेही त्यातच उखडतात. डेपोतून सुटलेली एसटी मधल्या गावांपर्यंत जाते पण शेवटच्या वाडीला पोचत नाही, तसं. शेवटची वाडी म्हणजे पायाची बोटं, मग हाताची बोटं. म्हणूनच त्रास तिथून सुरू होतो आणि दोन्ही बाजूला साधारण सारखाच असतो.

सासूबाईंची शंका खूप जणांच्या मनात असते, पण पाठीत जे देतात ते वेगळं औषध, बहुतेक वेळा मेथोट्रेक्सेट. कॅन्सर मेंदूत आणि मणक्याच्या पाण्यात लपून बसू नये म्हणून ते द्यावंच लागतं. व्हिनक्रिस्टीन फक्त शिरेतून देतात, पाठीत कधीच नाही, चुकून गेलं तर जिवावर बेततं. त्यासाठीच २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने दवाखान्यांना सांगितलं की हे औषध सिरिंजमध्ये भरूच नका, छोट्या सलाइनच्या पिशवीतून द्या म्हणजे पाठीच्या सुईशी गल्लत होणार नाही. तुमच्या मुलाला पिशवीतून देतात की सिरिंजमधून, हे सिस्टरला विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, त्यात कुणाला राग यायचं कारण नाही.

पोटाचं मात्र थांबायचं नाही. आतड्याच्या नसा पण त्याच औषधाने मंदावतात. चार दिवस संडास नाही आणि पोट फुगलेलं, हे मी फोनवर ऐकलं असतं तर आजच घेऊन या म्हटलं असतं. सोबत उलटी होत असेल किंवा पोट दुखून मूल कळवळत असेल तर रात्र असली तरी निघा. आणि घरी एनिमा देऊ नका, साबणाची कांडी नाही, मेडिकलमधली गुदद्वारातून द्यायची गोळी नाही, कारण पांढऱ्या पेशी कमी असताना तिथे जरासं खरचटलं तरी जंतू थेट रक्तात जाऊ शकतात. ही गोष्ट पुष्कळ ठिकाणी कुणी समजावून सांगत नाही आणि मग आजी प्रेमाने तेच करते जे सगळ्या घरांत करतात. पुढच्या वेळेपासून इंजेक्शनच्या दिवशीच पोट साफ व्हायचं सिरप सुरू करू का असं विचारा. इसबगोल आपल्या मनाने नको, आतडं सुस्त असताना आणि पोर पाणी पीत नसताना ते आतच गोळा होऊन बसतं.

इंजेक्शन बंद करायला सांगायचं का, तर नाही, तसं नका सांगू. पाय कसा पडतोय ते सांगा आणि ठरवू द्या. त्रास जास्त असेल तर डॉक्टर एखादा डोस थांबवतात, किंवा कमी करतात, आणि नस सावरली की पुन्हा वाढवतात, हे नेहमीचं आहे आणि त्यासाठी ठरलेले नियम आहेत. पण घाबरून तारखेला जायचंच नाही असं केलेली घरं मी बघितलीत. ज्या देशांत सगळ्या सोयी आहेत तिथे ए.एल.एल.ची १०० मुलं असतील तर जवळपास ९० पाच वर्षांनंतरही जगतात, आणि त्या उपचारात १९६३ पासून वापरात असलेलं हे औषध पायाच्या दगडासारखं आहे. नस बहुतेकदा भरून येते. उलटलेला कॅन्सर आवरणं फार अवघड जातं.

ह्यांच्या पायांचं तुम्ही लिहिलंत त्याबद्दल तुम्हाला मनापासून शाबासकी द्यावीशी वाटते. काही घरांत शार्को-मारी-टूथ नावाचा नसांचा आजार पिढीजात असतो, पोटऱ्या बारीक, पायाची कमान उंच, सारखं ठेचकाळणं, आणि माणूस आयुष्यभर त्याला आजार समजतच नाही. पण तो मुलात उतरलेला असेल तर व्हिनक्रिस्टीनच्या एकदोन डोसातच हातपाय फार लुळे पडू शकतात, आणि त्या आजाराच्या एका प्रकारात तर हे औषध द्यायचंच नाही असं औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. मी न तपासता काही ठरवत नाही, कदाचित काहीच नसेल. पण पुढचा डोस घ्यायच्या आधी ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर गेलीच पाहिजे, आणि मिस्टरांना बूट काढून त्यांच्यासमोर उभं करा.

बाकी, फिजिओथेरपी लगेच सुरू करा. चवडा लोंबता राहिला की टाचेमागची शीर आखडते आणि नस बरी झाली तरी मूल चवड्यावर चालत राहतं. सकाळ-संध्याकाळ त्याला लांब पाय करून बसवा, चवड्याला टॉवेलचा फेर घाला आणि हळूच त्याच्याच अंगाकडे ओढून धरा, मनात तीस मोजा. पाय नव्वद अंशात धरून ठेवणारं प्लॅस्टिकचं स्प्लिंट बनवून मिळतं, फिजिओ सांगतील. चप्पल बंद, मागे पट्टा असलेला बूट. आणि एक लक्षात ठेवा, मुलाला जमिनीवरून उठताना हात टेकावे लागत असतील, मांड्यांत जोर नसेल, तर तो बऱ्याचदा स्टिरॉइडच्या गोळ्यांचा परिणाम असतो, नसांचा नाही, गोळ्या थांबल्या की हळूहळू जातो. दोन्ही एकदम असू शकतात. आणि मोठं मूल खुब्यात किंवा गुडघ्यात दुखतं म्हणून लंगडत असेल तर ते तिसरंच, त्याला एमआरआय लागू शकतो, तेही सांगायचं.

प्रश्न: वय ३४, माझं शिलाईचं दुकान आहे. मला पण ए.एल.एल. आहे, केमो चालू. मांडीला नायटा उठला होता, कॅन्सरच्या डॉक्टरांना एवढ्याशासाठी काय सांगायचं म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणल्या, इट्राकोनॅझोल. १२ दिवस घेतल्या, मधे एक व्हीसीआर झालं. त्यानंतर बोटं एवढी बधीर झाली की सुईत दोरा ओवता येत नाही, स्वतःच्या शर्टाची बटणं बायको लावते. एक पापणी पण खाली आल्यासारखी वाटते. मेडिकलवाल्याने नसांच्या ताकदीच्या गोळ्या दिल्यात, त्या चालतील का?
— नाव देत नाही, कोल्हापूर

उत्तर: दादा, हे वाचताय त्याच दिवशी तुमच्या केमोच्या डॉक्टरांना फोन लावा आणि इट्राकोनॅझोलचं पाकीट हातात ठेवून बोला. व्हिनक्रिस्टीन शरीरातून बाहेर काढायचं काम लिव्हरमधलं एक एन्झाइम करतं. इट्राकोनॅझोल नेमकं त्याच एन्झाइमला अडवतं. मग डोस तोच असला तरी औषध अंगात जास्त वेळ, जास्त प्रमाणात राहतं आणि नसांना दुप्पट-तिप्पट मार दिल्यासारखं होतं, पोटही कडक होतं, काही जणांना फिट आलेली आहे. पापणी खाली येणं हे सुद्धा नसेचंच लक्षण असू शकतं. गोळी बंद केल्यावर पण तिचा परिणाम काही दिवस राहतो, म्हणून पुढचं व्हीसीआर कधी द्यायचं ते डॉक्टरांना त्या हिशोबाने ठरवावं लागेल. आवाज बसलाय, पाणी पिताना ठसका लागतोय, श्वास घेताना घरघर होतेय, यातलं काही असेल तर फोन नको, सरळ कॅज्युअल्टी.

तुम्हाला अजिबात रागावत नाहीये. नायट्यासाठी ही गोळी आज आपल्याकडे सर्रास मिळते, शेजारीपाजारी एकमेकांना सांगतात, आणि पाकिटावर असं ठळक काही लिहिलेलं नसतं. पण केमो चालू असताना एवढंसं असं काही नसतं. व्होरिकोनॅझोल आणि पोसाकोनॅझोल ही त्याच घराण्यातली, सर्दी-खोकल्यावर देतात ती क्लॅरिथ्रोमायसिन पण तसंच करते. मात्र फुप्फुसातल्या बुरशीसाठी तुमच्याच कॅन्सरच्या डॉक्टरांनी व्होरिकोनॅझोल दिलं असेल तर ते हे वाचून बंद करू नका, तिथे ते जीव वाचवत असतं आणि व्हीसीआरचा हिशोब त्यांनी धरलेला असतो, शंका असेल तर विचारा. नायट्याला बहुतेकदा लावायचं मलम पुरतं, तेही विचारूनच, कारण मेडिकलमध्ये मिळणाऱ्या कित्येक मलमांत स्टिरॉइड मिसळलेलं असतं आणि त्याने नायटा दबल्यासारखा वाटून उलट पसरतो.

ताकदीच्या गोळ्यांचं सांगते, पाकीट उलटं करून वाचा. मेकोबालामिन म्हणजे बी १२, त्याच्याबरोबर बऱ्याचदा फॉलिक अॅसिड असतं. तुमच्या केमोत मेथोट्रेक्सेट असणार, आणि ते औषध फॉलिक अॅसिडच्याच कामात अडथळा आणून कॅन्सर मारतं, मग आपणच बाहेरून फॉलिक अॅसिड ओतायचं का हे केमोच्या डॉक्टरांनी ठरवायला हवं, मेडिकलवाल्याने नाही. बी ६ जास्त डोसमध्ये खूप दिवस घेतलं तर ते स्वतःच नसा बिघडवतं. बी १२ कमी असेल, आणि आपल्याकडे शाकाहारी माणसांत ते कमी असतंच बऱ्याचदा, तर ते भरून काढायलाच हवं, साधी रक्ताची तपासणी आहे. पण कमी नसताना दिलं म्हणून केमोने दुखावलेली नस लवकर भरते असं काही सिद्ध झालेलं नाही. दंडात किंवा कमरेत घ्यायची ताकदीची इंजेक्शनं तर नकोच, प्लेटलेट कमी असताना स्नायूत रक्त साकळतं. अॅसिटाइल कार्निटिन पण खूप विकतात, दुसऱ्या एका केमोवरच्या स्त्रियांत त्याचा प्रयोग झाला तर मुंग्या कमी व्हायच्या ऐवजी वाढल्या.

दुकानाचं मला कळतंय, हातावर पोट आहे. कात्री आणि गरम इस्त्री सध्या दुसऱ्याच्या हातात द्या, बधीर बोटाला भाजलेलं कळत नाही. माप घेणं, कापड निवडणं, गिऱ्हाईक बघणं हे करा. बोटांसाठी रोज थोडा वेळ तांदळात हात घालून त्यातली बटणं शोधून काढायची, डोळे मिटून. फिजिओ हाच व्यायाम देतात आणि तुमच्या दुकानात बटणांना तोटा नाही.

प्रश्न: माझ्या नातीला ब्लड कॅन्सर आहे. मी असं ऐकलं की ते केमोचं औषध आपल्या सदाफुलीपासूनच काढतात. मग इंजेक्शनने पोरीचे पाय दुखतात, जबडा दुखतो, तर त्याऐवजी सदाफुलीच्या पानांचा काढा दिला तर चालेल का? अंगणात भरपूर आहे.
— आजोबा, वय ७१, रत्नागिरी

उत्तर: आजोबा, तुम्ही ऐकलंय ते खरं आहे. १९५० च्या दशकात कॅनडात या झाडाचा अभ्यास डायबेटिससाठीच सुरू झाला, जमैकात लोक त्याचा चहा साखरेवर घ्यायचे म्हणून, आपल्याकडेही सकाळी चार फुलं चावून खाणारे आहेतच की. साखर काही उतरली नाही, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरल्या, आणि तिथून पुढे ही औषधं निघाली.

पण काढा देऊ नका. शेकडो किलो वाळलेल्या पानांमधून हे औषध जेमतेम एखाद ग्रॅम निघतं, आणि मोठ्या माणसालाही एका वेळी दोन मिलिग्रॅमच्या वर सहसा देत नाहीत, एवढं ते जहाल आहे. पानात अशी कितीतरी द्रव्यं असतात, काढ्यात कुठलं किती उतरलं कोणाला कळणार, आणि इंजेक्शन चालूच असणार तर त्यावर ही भर. पांढऱ्या पेशी आणखी उतरतील, नसांचा त्रास वाढेल. तुमची माया मला कळते, हातात काहीतरी करायला हवं असतं.

जबड्याचं दुखणं इंजेक्शननंतर पहिल्या एकदोन दिवसात येतं आणि बहुतेकदा आठवड्याच्या आत आपोआप जातं. मऊ भात, पेज, केळं द्या. पॅरासिटामॉल देण्याआधी ताप मोजा, कारण गोळीने ताप झाकला जातो आणि या मुलांत ताप म्हणजे दवाखाना. इबुप्रोफेनची गोळी नको, प्लेटलेटसाठी वाईट. संध्याकाळी तिच्या पोटऱ्यांना हलक्या हाताने तेल लावा, फार रगडू नका. तेवढं कराच.

आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: अचानक एकच बाजू लुळी पडली, बोबडं बोलायला लागली, झटका आला, डोकं असह्य दुखतंय, तर हे मुंग्यांचं प्रकरण नाही. केमोतली दुसरी औषधं मेंदूत गुठळी किंवा सूज आणू शकतात. लगेच निघायचं.

प्रश्न: मी २१ वर्षांची, कॉलेजला. ट्रीटमेंट संपून ८ महिने झाले, सगळे रिपोर्ट नॉर्मल, सगळे म्हणतात आता विसर ते. पण रात्री तळपाय जळतात, चादर पण सहन होत नाही, आणि तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. हे जाणार आहे का? आजाराआधी मी खूप ट्रेक करायचे, राजगडला परत जायचंय.
— पुणे

उत्तर: "विसर ते" म्हणणाऱ्यांचं मनावर घेऊ नकोस, तुझे पाय तुला विसरू देत नाहीत आणि त्यात तुझी काही चूक नाही. नस साधारण दिवसाला एक मिलिमीटर वाढते. फूटभर टोक सुकलं असेल तर नुसतं ते परत यायलाच वर्षाच्या आसपास लागतं. म्हणून आठ महिन्यांत गेलं नाही म्हणजे जाणारच नाही असं नाही. पण तुला खोटं सांगणार नाही, बहुतेकांचं बरंच कमी होतं, काहींना थोडा बधीरपणा वर्षानुवर्षं राहतो.

डोळे मिटल्यावर तोल जातो कारण पाय कुठे टेकलाय ही खबर तळव्याकडून पूर्ण येत नाही आणि तू ते डोळ्यांनी भरून काढतेस. म्हणून रात्री दिवा लावूनच उठायचं, बाथरूममध्ये एक हात भिंतीला. रोज भिंतीजवळ उभं राहून आधी पाय जोडून, मग एका पायावर, मग जमायला लागलं की डोळे मिटून, अशी प्रॅक्टिस कर. त्याने फरक पडतो, फक्त रोज करावी लागते. झोपायच्या आधी तळवे बघायचे, काटा, फोड, चप्पल लागलेली. पाणी किती गरम आहे ते कोपराने बघायचं, आणि देवळात उन्हाळ्यात तापलेल्या फरशीवर मोजे घालून जा, कोणी काही म्हटलं तरी.

जळजळीसाठी डॉक्टरांना डुलॉक्सेटिनबद्दल विचार. २०२० साली अमेरिकेतल्या कॅन्सर डॉक्टरांच्या संघटनेने सगळे अभ्यास तपासले तेव्हा केमोने झालेल्या अशा दुखण्यावर शिफारस करण्यासारखं हे एकच औषध निघालं, तेही मध्यम फायद्याचं, आणि त्यामागचा मुख्य अभ्यास दुसऱ्या केमोच्या पेशंटवर झालेला आहे. प्रीगाबालिन, गाबापेंटिन पण देतात, काहींना त्याने झोप तरी लागते. एकदम सुरू किंवा एकदम बंद यातलं काहीच करू नकोस. आणि आधी बी १२, साखर, थायरॉइड बघून घे, सगळा दोष केमोवर टाकून यातलं काही राहून जायला नको.

राजगडला जा गं. आधी दोन-तीन महिने तळजाई, पर्वतीच्या पायऱ्या, मग सिंहगड. राजगडला गुंजवण्याच्या चोर दरवाजाने नको, तिथे खडकात पाय नेमका टाकावा लागतो आणि तुझ्या तळव्याला तो अंदाज अजून येणार नाही. पाली दरवाजाने जा, पायऱ्या आहेत. घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट, दोन काठ्या, सोबत असं कोणीतरी जे तुला घाई करणार नाही, आणि उतरायला दुपारीच सुरुवात कर म्हणजे अंधार पडायच्या आत खाली असशील.